आवाज मोजायचा म्हणजे नेमकं काय?

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या १९९८ च्या दहावीच्या तुकडीतल्या असून सॉफ्टवेअर इंजिनिअर आहेत.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या कामाबद्दल अर्धा तास बोल, पण सगळ्यांना कळेल असं बोल." यातलं दुसरं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. त्यामुळे मी सोबत एकही स्लाइड आणलेली नाही. फळा आहे, पण बहुतेक तोही लागणार नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअरिंग केलं आणि तेव्हापासून सॉफ्टवेअर लिहिते. त्यातली बरीच वर्षं आवाज आणि जमिनीची कंपनं मोजणाऱ्या यंत्रांसोबत गेली. यंत्र रस्त्याच्या कडेला, खाणीजवळ किंवा एखाद्या बांधकामाशेजारी उभं असतं. त्यातून येणाऱ्या लाखो आकड्यांमधून अहवालात छापायचे चार आकडे काढणारा प्रोग्रॅम लिहिणं, हे माझं काम.

सकाळच्या बैठकीत दोन तक्रारी आल्या. रस्ता रुंद झाल्यापासून त्या बाजूच्या वर्गांत डंपर गेला की शिकवणं थांबवावं लागतं, असं बाई म्हणाल्या. आणि डोंगरापलीकडच्या खाणीत सुरुंग उडाला की खिडक्या थडथडतात, भिंतींना गेलेल्या चिरा त्यामुळेच का, असं एका पालकांनी विचारलं. तेवढ्यात कोणीतरी फोन काढून अ‍ॅपवर "८५ डेसिबल" दाखवलं आणि सगळे एकदम गप्प झाले. आकडा आला की वाद मिटला, असं आपल्याला वाटतं. माझ्या कामात मात्र आकडा आला की प्रश्न सुरू होतात. ८५, पण कशाचे? कुठे उभं राहून? किती वेळाचे? कोणत्या यंत्रावर?

पावसाचं उदाहरण घ्या. "काल ४० पाऊस पडला" असं कोणी म्हटलं तर आपण लगेच विचारतो, ४० मिलिमीटर ना? दिवसभरात की तासाभरात? आणि पर्जन्यमापक वडाखाली ठेवलं तर तो आकडा शेतकरी मानणारच नाही. आवाजाचं अगदी तसंच आहे. फरक एवढाच, की पावसाबद्दल हे प्रश्न विचारायची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे आणि आवाजाबद्दल नाही. आज मी ती सवय तुम्हाला लावणार आहे.

आधी डेसिबलबद्दल. आपल्याभोवती हवेचा दाब साधारण एक लाख पास्कल असतो. या दाबात जे बारीक चढउतार होतात, तो आवाज. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज २० मायक्रोपास्कलचा असतो, म्हणजे एका पास्कलचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक. आणि कान दुखायला लागतो तो २० पास्कलच्या आसपास. या दोन टोकांमध्ये दहा लाख पटींचं अंतर आहे. एवढी लांब पट्टी वापरायला गैरसोयीची. मग इथे लॉग येतो. ज्यांनी अकरावीला विज्ञान घेतलं त्यांना ते लॉग टेबलाचं पुस्तक आठवत असेल, "याचा आयुष्यात उपयोग काय?" असं तेव्हा सगळेच विचारायचे. उपयोग हा. लॉग घेतला की दहा लाख पटींची पट्टी शून्य ते १२० एवढी आटोपशीर होते. २० मायक्रोपास्कल म्हणजे शून्य डेसिबल आणि २० पास्कल म्हणजे १२० डेसिबल.

पण या सोयीची किंमत द्यावी लागते. डेसिबलची बेरीज नेहमीसारखी होत नाही. एक यंत्र ६० डेसिबल आवाज करत असेल आणि तसंच दुसरं शेजारी सुरू केलं, तर १२० होत नाहीत, ६३ होतात. दहा यंत्रं लावली तर ७०. आणि आपल्या कानाला तो आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटतो, तो १० डेसिबल वाढल्यावर. उलट बाजूने पाहा. रस्त्यावरून तासाला दहा डंपर जात असतील आणि उद्या कोणी ते पाचवर आणले, तर सरासरी पातळी फक्त ३ डेसिबलने उतरेल. कागदावर हा बदल किरकोळ दिसतो. पण वर्गात शिकवणं दहा वेळा थांबायचं ते पाच वेळाच थांबेल, आणि हा बदल बाईंसाठी अजिबात किरकोळ नाही. हे उदाहरण लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

दुसरी गोष्ट कानाची. आपला कान सगळे सूर सारखे ऐकत नाही. बारीक, मधल्या पट्टीतले आवाज त्याला चांगले कळतात. खर्जातले कमी कळतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये माणसांना वेगवेगळे सूर ऐकवून याचे आलेख काढले. त्या दशकात यंत्रांमध्ये कानाची नक्कल करणारी एक चाळणी आली. तिला 'ए' चाळणी म्हणूया. या चाळणीतून काढलेला आकडा 'डेसिबल ए' म्हणून लिहितात आणि आपले बहुतेक नियम याच आकड्यावर चालतात. ही चाळणी खर्जाचे आवाज बरेच कापते. ६३ हर्ट्झच्या सुराला ती २६ डेसिबल वजा करते, ५० हर्ट्झला ३० डेसिबल.

हळू आवाजांसाठी हे ठीक आहे, कारण ती चाळणी हळू आवाजांच्या आलेखावरूनच बनवली आहे. पण मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे उभं राहा. छातीत धडधडतं, दाराची कडी वाजते. तिथे ६३ हर्ट्झचा ठोका १०० डेसिबलचा असला, तर 'ए' चाळणीतून त्याचे ७४ च दिसतात. कोणी खोटं बोललं नाही, यंत्र बिघडलेलं नाही, तरी छातीला जे जाणवलं ते कागदावर आलं नाही. म्हणून जाणकार माणूस अशा ठिकाणी 'सी' नावाच्या दुसऱ्या चाळणीनेही मोजतो. ती खर्जाला फारसा हात लावत नाही. दोन्ही आकड्यांत १५-२० डेसिबलचा फरक दिसला, की समजायचं, इथला त्रास खर्जाचा आहे. फटाक्यांच्या नियमात तर कायद्यानेच ही काळजी घेतली आहे. फटाका फुटतो तिथून ४ मीटरवर जी मर्यादा आहे, ती 'ए' चाळणीने क्षणिक आवाजासाठी १२५ आणि 'सी' चाळणीच्या शिखरासाठी १४५ डेसिबल, अशी दोन्ही प्रकारे लिहिलेली आहे. त्यात '४ मीटर' हेही लिहिलेलं आहे, कारण अंतर सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबलने उतरतो. सतत वाहतूक असलेला रस्ता म्हणजे मात्र आवाजाची लांबलचक रेघ. तिथे अंतर दुप्पट झालं तरी ३ च डेसिबल उतरतात. रस्त्यापासून थोडं आत सरकून फार फरक का पडत नाही, त्याचं कारण हे.

आता वेळ. माझं सगळ्यात जास्त काम इथेच असतं. यंत्रातला मायक्रोफोन दर सेकंदाला साधारण ४८ हजार वेळा दाब टिपतो. त्यातला कोणताही एक आकडा निरुपयोगी असतो. प्रोग्रॅम त्यांचे वर्ग करतो, सरासरी काढतो, मग लॉग घेतो. या सरासरीला 'एल-इक्यू' म्हणतात. चढउतार असलेल्या आवाजात जेवढी ऊर्जा होती, तेवढीच देणारा एकसारखा आवाज किती असता, ते एल-इक्यू सांगतं.

आपल्या शाळेचा ३५ मिनिटांचा तास घेऊ. समजा वर्गात एरवी ४५ डेसिबल आहेत. त्या तासात १२ डंपर गेले, आणि प्रत्येकाच्या वेळी २० सेकंद ७५ डेसिबल झाले. म्हणजे २१०० सेकंदांपैकी २४० सेकंद गोंगाट. सहावीतल्या पद्धतीने सरासरी काढली तर ४८ येते. एल-इक्यू काढलं तर जवळजवळ ६६. एकाच तासाचे दोन आकडे, मध्ये १८ डेसिबलची दरी. पहिली पद्धत चूक आहे, कारण लॉगमध्ये लिहिलेले आकडे सरळ मिळवून भागता येत नाहीत. एखादा अहवाल हातात आला आणि त्यात सरासरी लिहिलेली असली, तर ती कोणत्या पद्धतीने काढली हे जरूर विचारा.

पण ६६ हाही पूर्ण उत्तर नाही. वर्गात एक मोठा पंखा सतत ६६ डेसिबलने घरघरत असता तरी एल-इक्यू ६६ च आलं असतं. तिथे बाईंनी तासभर आवाज चढवून शिकवलं असतं. इथे त्यांना १२ वेळा वाक्य तोडावं लागतं. मुलांच्या दृष्टीने हे दोन वेगळे त्रास आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे. म्हणून चांगल्या अहवालात आणखी दोन-तीन आकडे असतात. ९० टक्के वेळ आवाज ज्याच्या वर होता ती पातळी, म्हणजे पार्श्वभूमी. आपल्या उदाहरणात ती ४५. फक्त १० टक्के वेळ आवाज ज्याच्या वर गेला ती पातळी. इथे ती ७५. आणि सगळ्यात साधी पण हमखास गाळली जाणारी गोष्ट, म्हणजे किती वेळा गोंगाट झाला त्याची मोजदाद. मघाचं डंपर निम्मे करण्याचं उदाहरण आठवा. एल-इक्यू म्हणेल, ३ डेसिबल. मोजदाद म्हणेल, त्रास निम्मा झाला. तुम्ही यंत्राला कोणता प्रश्न विचारला, त्यावर ते कोणतं उत्तर देईल हे ठरतं.

आता यंत्र कुठे ठेवायचं ते. जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर, तिवईवर, आणि शक्य तर भिंतीपासून साडेतीन मीटर लांब. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो. भिंतीपुढे दोन मीटरवर मोजलं तर आकडा ३ डेसिबलपर्यंत फुगू शकतो. मायक्रोफोनवर फोमचा गोळा हवा, नाहीतर वारा मोजला जाईल. आणि मोजायच्या आधी आणि नंतर कॅलिब्रेटर लावायचा. ही एक छोटी डबी असते. ती मायक्रोफोनवर बसवली की १००० हर्ट्झचा, बरोबर ९४ डेसिबलचा, म्हणजे एक पास्कल दाबाचा सूर काढते. यंत्राने ९४ दाखवले पाहिजेत. वाण्याच्या दुकानात तराजू रिकामा असताना काटा मध्ये आहे ना ते आपण बघतो, तसंच हे.

मग फोनवरच्या अ‍ॅपचं काय? फोनचा मायक्रोफोन तुमचं बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असतो. त्यातलं सॉफ्टवेअर हळू आवाज आपणहून मोठा करतं, मोठा आवाज दाबतं, आणि बोलण्याव्यतिरिक्तचा गोंगाट पुसून टाकायचा प्रयत्न करतं. म्हणजे आपल्याला जे मोजायचं आहे, नेमकं तेच फोन पुसतो! अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेने कामगारांसाठी आवाज मोजण्याचं अ‍ॅप काढलं, ते फक्त आयफोनसाठी. कारण अँड्रॉइडचे फोन इतके तऱ्हेतऱ्हेचे आहेत, की सगळ्यांवर सारखी अचूकता सांभाळणं अवघड. तरी अ‍ॅप निरुपयोगी नाही. एकाच फोनवर, एकाच जागी, "आज कालपेक्षा जास्त आहे का?" एवढं विचारायला ते चालतं. "८५ आहेत" असं कलेक्टर कचेरीत लिहून द्यायला चालत नाही.

आता सुरुंगाकडे वळते. हा विषय वेगळा आहे, कारण इथे हवेऐवजी जमीन हलते. जमिनीचं हलणं जिओफोनने मोजतात. त्याची रचना सोपी आहे: स्प्रिंगला टांगलेली तारेची गुंडाळी आणि मध्ये चुंबक. जमीन हलली की दोघांची एकमेकांच्या सापेक्ष हालचाल होते आणि गुंडाळीत वीज निर्माण होते. आठवीत बाईंनी चुंबक आणि गॅल्व्हानोमीटर घेऊन दाखवलेला प्रयोगच आहे हा. तीन दिशांना तीन जिओफोन असतात. यंत्र मातीत खिळ्यांनी रोवतात, किंवा फरशीवर घट्ट बसवून वर वाळूची पिशवी ठेवतात; नुसतं ठेवलं तर ते स्वतःच थुडथुडतं आणि खोटा आकडा देतं.

इथे सरासरी काढत नाहीत. सुरुंगाचं कंपन काही क्षणांत संपतं. तासाची सरासरी काढली तर ते नाहीसंच होईल. म्हणून जमिनीच्या कणाने गाठलेला सर्वांत जास्त वेग नोंदवतात, सेकंदाला किती मिलिमीटर असा. त्याला पीपीव्ही म्हणतात. सोबत वारंवारताही लिहावी लागते, म्हणजे जमीन सेकंदाला किती वेळा मागेपुढे झाली. कारण आपली एक-दोन मजली घरं स्वतःच सेकंदाला साधारण पाच ते दहा वेळा डुलू शकतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकललं की तो उंच जातो, तसं संथ कंपन घराच्या लयीशी जुळतं आणि जास्त नुकसान करतं. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात खाणमालकाच्या नसलेल्या घरांसाठी मर्यादा याच हिशेबाने दिल्या आहेत: ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ च्या दरम्यान १०, आणि २५ च्या वर १५. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंसाठी त्याच क्रमाने २, ५ आणि १०.

हे आकडे किती लहान आहेत बघा. १० हर्ट्झला सेकंदाला ५ मिलिमीटर वेग म्हणजे जमीन मधल्या जागेपासून जेमतेम ०.०८ मिलिमीटर सरकली; वहीच्या कागदाच्या जाडीइतकीही नाही. पण माणसाचं शरीर याहून कितीतरी हळवं आहे. घरात शांत बसलेल्या माणसाला सेकंदाला ०.३ मिलिमीटरच्या आसपासच कंपन जाणवायला लागतं. म्हणजे जे जाणवतं आणि ज्याने भिंत तडकू शकते, त्यांच्यात दहापट-वीसपट अंतर आहे. खाणीजवळच्या गावात गेलं की मला दोन्ही बाजू ठामपणे बोलताना दिसतात. घरातली आजी म्हणते, घर हादरलं. खाणवाला म्हणतो, मर्यादेच्या आत आहे. पुष्कळदा दोघंही खरं बोलत असतात. कोण किती खरं, हे मोजल्याशिवाय ठरत नाही.

एक युक्ती सांगते, तिला यंत्र लागत नाही. सुरुंगाचा धक्का घराला दोन वाटांनी पोचतो. खडकातून येणारी लाट सेकंदाला काही किलोमीटर धावते. हवेतून येणारी सुमारे ३४० मीटर. खाण ६८० मीटरवर असेल तर पायाखालचा धक्का जवळजवळ लगेच येईल आणि हवेतली लाट दोन सेकंदांनी. पुढच्या वेळी बसून नीट लक्ष द्या. आधी फरशी हलली आणि दोन सेकंदांनी खिडक्या थडथडल्या, तर खिडक्या हवेच्या दाबाने वाजल्या. त्यावरचे उपाय वेगळे: सुरुंगाच्या भोकाचं तोंड नीट बुजवणं, वाऱ्याची दिशा बघणं. जमिनीच्या कंपनाचा उपाय वेगळा: सगळी दारू एका क्षणी न उडवता काही सहस्रांश सेकंदांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने उडवायची, आणि एका टप्प्यातली दारू कमी ठेवायची.

आणि चिरांबद्दल. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उभ्या भिंतींना सुरुंग नसतानाही चिरा जातात. त्यामुळे आज एक चीर दाखवून काही सिद्ध होत नाही. चिरेचा तारखेसह फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरा, दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. चीर पावसाळ्यात वाढते की सुरुंगांच्या दिवसांत, हे वर्षभरात कळेल. या कामाला फक्त चिकाटी लागते.

आता शाळेबद्दल. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम सांगतात, की निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल; शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. हे सगळे आकडे 'ए' चाळणीचे आणि एल-इक्यूचे आहेत. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्रात येऊ शकतात. 'शकतात' म्हणण्याचं कारण, २०१७ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. राज्य शासनाने तसं घोषित केल्याशिवाय आता ते शांतता क्षेत्र ठरत नाही. म्हणजे शाळा आहे एवढं पुरेसं नाही, मागणी करावी लागते. आणि आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने किंवा त्याहून जास्त असेल, तर तक्रारीची तरतूद नियमातच आहे. दोन्हीसाठी नीट घेतलेले आकडे लागतात.

कोणी म्हणेल, आपण याच शाळेत पत्र्याच्या वर्गात शिकलो, पाऊस आला की सर काय बोलतात ते ऐकूही यायचं नाही, तरी आपलं काय बिघडलं? आपलं बिघडलं नाही असं आपण मोजून कुठे पाहिलंय? न्यूयॉर्कमध्ये एका शाळेने ते पाहिलं. मॅनहॅटनमधल्या त्या शाळेशेजारून उंचावरचा रेल्वेमार्ग जात होता. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी रुळांच्या बाजूच्या वर्गांतल्या आणि पलीकडच्या शांत वर्गांतल्या मुलांच्या वाचनाच्या गुणांची तुलना केली आणि १९७५ मध्ये ती प्रसिद्ध केली. सहावीत पोचेपर्यंत रुळांकडची मुलं वाचनात जवळजवळ एक वर्ष मागे पडलेली होती. शाळा तीच, परिसर तोच. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारं छत लावलं. १९८१ मध्ये पुन्हा पाहिलं, तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुलांत फरक उरला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये शिफारस केली, की तास चालू असताना वर्गातला बाकीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा. हा आकडा फार कडक वाटतो, पण हिशेब करा. शिकवणाऱ्याचा आवाज एक मीटरवर ६५ धरला, तर आठ मीटरवर, शेवटच्या बाकापाशी, मोकळ्यात ४७ उरतो. वर्गाच्या भिंतींमुळे त्यात थोडी भर पडते. लहान मुलांना शब्द नीट कळायला बोलणं गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने वर लागतं. वजाबाकी तुम्हीच करा. शेवटच्या बाकावरचं मूल ढ आहे की त्याला ऐकूच येत नाही, हे त्या वजाबाकीवर ठरतं.

माजी विद्यार्थी निधीतून प्रवेशद्वाराची कमान बांधायची असं जवळजवळ ठरलं आहे, हे मला माहीत आहे. कमानीला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्याआधी शाळेत एक आठवडा मोजमाप करू. रस्त्याकडचा एक वर्ग, मैदानाकडचा एक वर्ग, आणि बाहेर फाटकाजवळ, अशा तीन जागा. कॅलिब्रेट केलेलं पहिल्या दर्जाचं यंत्र आणि जिओफोन मी माझ्या खर्चाने आणेन. नववीच्या मुलामुलींनी दर तासाला शिकवणं किती वेळा थांबलं, ते कशामुळे, एवढं वहीत लिहायचं. यंत्राच्या आकड्यांइतकीच ती वही मोलाची ठरेल.

उपाय त्यानंतर ठरवू. कोणी म्हणेल, रस्त्याकडे झाडं लावा. झाडं जरूर लावा, सावलीसाठी; पण एका रांगेतल्या झाडांनी आवाज जवळजवळ कमी होत नाही. कुंपणाची भिंत उंच करा, असं कोणी म्हणेल. डंपर दिसेनासा होईल इतकी ती उंच असेल तर तळमजल्यावर साधारण ५ डेसिबल तरी उतरतील, पण पहिल्या मजल्यावरच्या वर्गांना काहीच मिळणार नाही, कारण तिथून रस्ता सरळ दिसतो. कदाचित रस्त्याकडच्या खोल्यांत ग्रंथालय आणि कार्यालय नेऊन वर्ग मैदानाकडे हलवणं सगळ्यात स्वस्त पडेल. कदाचित खाणीच्या डंपरांची वेळ बदलून मागणं. आज मी यातलं एकही ठामपणे सांगणार नाही, कारण माझ्याकडे आकडे नाहीत.

मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली, तर दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला पूर्ण आठवडा मी मोकळा ठेवला आहे. यंत्राजवळ दिवसभर बसायला प्रत्येक तुकडीतून दोन जण हवेत. आपापली नावं चहाच्या वेळी माझ्याकडे द्या. कोणाचे काही प्रश्न असतील तर आत्ता विचारा.